तेलकट फडकं

“काका, या गाडीचं इंजिन मागे का बसवलंय?” नव्या स्पोर्ट्स कारवरून शोरूममध्ये तिची आणि मैत्रिणींची जुंपली होती. ‘हिंमत असेल तर त्या मेकॅनिकलाच विचार’ म्हणत त्यांनी तिला पुढे ढकललं. मेकॅनिक तिचेच बाबा होते. पण वर्गात तिने ते इंजिनियर असल्याच्या फुशारक्या मारल्या होत्या. आता ‘काका’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबा तेलकट फडक्याला हात पुसत म्हणाले, “मागच्या चाकांवर वजन असलं की ती रस्ता घट्ट धरतात, ताई.” एरवी ते तिला ठमाबाई म्हणायचे. तिची नजर फडक्यावर खिळली. ते तिच्याच जुन्या फ्रॉकचं होतं. घरी बाबांनी विषयच काढला नाही. जेवताना तिने ताट बाजूला सारलं. शेवटी ती आईबाबांना म्हणाली, “उद्या मैत्रिणींना घेऊन पुन्हा शोरूममध्ये येणार. बाबा, सगळ्यांदेखत मला ठमाबाई म्हणायचं.”