पहिलं नातवंड

“बाळाला रोज छातीशी धरायचं, त्याच्याशी बोलायचं,” मी नर्स म्हणून सांगत होते. मान मात्र झिबेकची सासू डोलवत होती. बाळंतीण झिबेक समोवारातून चहा ओतत होती. आम्हा किरगिझांत पहिलं नातवंड आजीचं लेकरू म्हणूनच वाढतं. “पण अंगावर तिलाच पाजू द्या, मावशी.” “हाक मारते की पाजायला! पण लळा नको लागायला. पुढची सगळी तिचीच आहेत.” तेवढ्यात पाळण्यात बाळ रडलं. झिबेक उठली, तिच्या झग्यावर दुधाचे ओले डाग पसरत गेले. “तू बस गं, दमली असशील,” सासू मायेनंच म्हणाली. बाळाला उचलून तिनं झिबेककडं बोट दाखवलं. “ती बघ, तुझी वहिनी!” झिबेकनं माझ्याकडं पाहिलं. मी सरकारी माणूस. तोंड उघडायला हवं होतं. पण मी स्वतः माझ्या सख्ख्या आईला आजही वहिनी म्हणूनच हाक मारते.