पाटी वाचून आलेली पंधरावी

"आता तुम्हीच समजवा हिला," वडील म्हणाले. "मी तर हात टेकले. आज परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि घरात महिनाभर हाच वाद."

समुपदेशकबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. आईबाप समोर असले की मुलं तोंडाला कुलूप लावतात, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. 'गेमिंगमधलं करिअर: मोफत मार्गदर्शन' ही दारावरची पाटीसुद्धा त्यांनी मुद्दाम लावली होती. अभ्यासाचं नाव काढलं की पोरं इकडे फिरकत नाहीत. यंदाची ही पंधरावी.

मुलगी सोळा वर्षांची. उजव्या मनगटाला पट्टा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"किती तास खेळतेस?"

"सहा. सुट्टीच्या दिवशी बारा."

बाईंनी तिच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी त्या एका मुलाशी गोडगोड बोलत राहिल्या आणि तो शाळा सोडून बसला. ते त्यांना अजून खात होतं. या वेळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"हे बघ बाळा, तू चांगली खेळतेस, मान्य. पण तुझ्याइतकं खेळणारे गल्लोगल्ली सापडतील, आणि संघात जागा पाच. विशी ओलांडली की बोटं मंदावतात, मग तुला कोण विचारणार? मनगट तर आत्ताच हे असं. परीक्षा बुडवून हातात काय राहील?"

"काहीच नाही," मुलगी मान खाली घालून म्हणाली.

बाईंना वाईट वाटलं. पोरांची स्वप्नं मोडणं हे काही सुखाचं काम नव्हे. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"गेम बनवणारे लागतात, त्यातली चित्रं काढणारे लागतात. त्या वाटा शिकूनच उघडतात. खेळणं सोड असं मी म्हणत नाही. आधी परीक्षा दे, एवढंच."

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाईंनी तिला रडू दिलं. चला, एक पोर तरी वाचलं, असं त्यांना मनापासून वाटलं. फॉर्म घेणारं ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं होती. त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला.

मुलीने बाहीने डोळे पुसले. मग दप्तरातून तिने स्वतःचा फॉर्म काढला. घड्या घालून घालून तो मऊ पडला होता. नाव, विषय, फोटो, सगळं जागच्या जागी होतं. पालकाची सही तेवढी नव्हती.

"मॅडम, हेच सगळं बाहेर बाबांना सांगाल का?" ती म्हणाली. "परीक्षेपायी माझा सराव बुडतो, म्हणून ते सही करत नाहीत."