नव्या ड्राइव्हची पूजा

दसऱ्यापासून वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातला कॉम्प्युटर एकामागून एक फ्लॉप्या खराब करत होता. मालक येईल त्या ट्रकवाल्याला सांगायचे, "बाईच्या हाती मशीन देल्ली का असंच होते." ऑपरेटर प्रेमिला मान खाली घालून मालाच्या पावत्या, बिल्ट्या टाइप करायची, पण आतून धुमसायची. आज मेकॅनिकनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या केबलला एक तोंड रिकामं होतं, तिथं त्यानं दुसरा, नवा फ्लॉपी ड्राइव्ह जोडला. मग जुना काढून सहज उलटा केला, तर टेबलावर कुंकवाचे तांदूळ सांडले. दसऱ्याला मशीनची पूजा मालकांनीच केली होती. "हे मीनं टाकले काय, मालक?" प्रेमिलानं विचारलं. "चला, नव्याची पूजा करून टाकू," म्हणत मालकांनी देवापुढच्या ताम्हणातल्या अक्षता मुठीत घेतल्या. प्रेमिला ताडकन उठली. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "पहिले ते टेबलावरचे वेचा."