सुटी पेटी

"बसा की आत, उंबऱ्याशी काय बसलात!" चन्नप्पा वकील म्हणाले.

"इथंच बरं आहे," वेणीमाधव म्हणाला आणि दाराजवळच्या स्टुलावरून हलला नाही. चहाही त्यानं नको म्हटला.

अक्कलकोटहून येऊन चन्नप्पांनी सोलापुरात बिऱ्हाड थाटलं, त्याला महिनाही झाला नव्हता. वेणीमाधवाचे नेहमीचे वकील दोन घरं अलीकडंच राहत, पण त्यांचं दार टाळून तो इथं आला होता. कपाळावर गंध नव्हतं, दाढी वाढलेली. चन्नप्पांनी ते काळजीच्या खाती टाकलं. नव्या वकिलाला पक्षकार मिळाला की त्याचा आनंद काही लपत नाही, समोरचा कितीही पडेल चेहऱ्यानं बसलेला असो.

वेणीमाधवानं पेढीची एक कोरी पावती पुढं केली. माथ्यावर ठळक छापलं होतं, 'वेणीमाधव कमठाणकर, मुंबई-सोलापूर माल रवानगी'. मागं बारीक अक्षरांत अटी.

"मुंबईच्या औषधवाल्यानं आमच्या तिथल्या पेढीवर एक पेटी दिली. बर्फात ठेवलेलं घटसर्पाचं औषध, इथल्या गिऱ्हाइकासाठी. आमच्या माणसानं ती गोदामात ठेवून दिली."

"का?"

"नियमच आहे आमचा. सुटी पेटी एकटी पाठवायची नाही. आणखी माल जमला की सगळ्याची मिळून रवानगी. भाडं कमी पडतं."

"आणि बर्फ?"

"वितळला. इथं पेटी उघडली तेव्हा औषध गढूळ झालं होतं. डॉक्टरांनी ओतून टाकलं."

"मग?"

"मुलगी गेली."

भाड्याचा दर सांगावा तसं त्यानं सांगितलं. हल्ली त्याला काहीच वाटत नव्हतं. भूक नव्हती, झोप नव्हती, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

वकील हळहळले. मग त्यांनी पावती उलटली आणि वाचता वाचता हळहळ कुठल्या कुठं पळाली. "'नाशवंत माल मालकाच्या जोखमीवर. उशिराबद्दल पेढी जबाबदार नाही.' वा! हे कलम कुणी घातलं?"

"मीच."

"मग घाबरता कशाला? गिऱ्हाइकानं निकड कळवली होती?"

"पेढीला तार केली होती. 'पेटी पाठवा.' एवढीच."

"'ताबडतोब' नाही?"

"नाही. तारेत जादा शब्द घालायचा नाही, अशी सवय."

"भोवली त्याला ती सवय. तुम्ही खुशाल काखा वर करा."

"पण औषध कशासाठी आहे, हे पेढीला ठाऊक असेल तर?"

"कुणासाठी आहे, उशीर झाला तर काय होईल, हे माल घेतानाच ठाऊक असेल, तर कायदा सोडत नाही." वकील हसले. "पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही काय त्या पोरीच्या उशाशी बसला होता?"

लांब गिरणीचा भोंगा झाला.

"सुटलात तुम्ही," वकील म्हणाले.

सुटलात म्हटल्यावर माणसाच्या जिवात जीव यावा. वेणीमाधव तशी वाट पाहत बसला. आला नाही.

"बाप भांडायला आला होता का?"

"नाही. आईनं दोष ठेवलाय."

"काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. त्या दिवसापासून बोलतच नाही. कायद्यानं जबाबदार कोण, एवढं तिला सांगायला हवं. एकदा काय ते कळू दे."

"त्यात काय, लिहून देतो की! पेढीकडं बोट दाखवायची सोयच ठेवत नाही." वकिलांनी टाक दौतीत बुडवला. "बाईंचं नाव?"

"पद्मजा."

"नवऱ्याचं?"

वेणीमाधवानं पावती सुलटी केली आणि वर छापलेल्या आपल्याच नावावर बोट ठेवलं.