पडद्यामागचा अबोला

“त्यांना म्हणावं, तिसऱ्या अंकात हात इतका दाबू नका. अंगठी रुतते,” नायिकेचं काम करणाऱ्या बाई आरशातूनच म्हणाल्या. हातातल्या रुमालावर हिरव्या दोऱ्याने पानं भरणं चालूच होतं.

“सांगतो,” म्हणत रंगभूषावाले काका फळीपलीकडच्या खोलीत गेले. तिथे नाटकमंडळीचे मालक सत्तरीतही नायकाची मिशी चिकटवत बसले होते.

“बाई म्हणतात, कालचा तिसरा अंक झकास रंगला.”

“हं,” मालक मिशीतल्या मिशीत हसले. त्यांच्या कोटाचं निखळलेलं बटण कुणीतरी हिरव्या दोऱ्याने लावून दिलं होतं.

जाहिरातीत कोणाचं नाव वर, यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांची जुंपली होती. तेव्हापासून रंगमंचावर जिवापाड प्रेम आणि आत कडकडीत अबोला. निरोप नेणारे एकटे काका, आणि काका कडू निरोप वाटेतच गोड करून टाकत. यात त्यांना भारी मजा यायची.

दुपारच्या खेळात मालकांनी बाईंचा हात अगदी हलकेच धरला. योगायोग, असं म्हणून काकांनी विंगेत मान डोलावली.

काकांचे हात आताशा थरथरत. “नट आपापली तोंडं आपणच रंगवतात, मग काका कशाला?” अशी व्यवस्थापकाने मागे कुरकुर केली, तेव्हा दोन्ही खोल्यांतून एकदमच आरोळी आली होती, “मग निरोप कोण नेणार?”

पण आज काकांच्या खिशात लेकीचं पत्र होतं. ‘बाबा, आता पुरे. नात रोज तुमची वाट बघते. रविवारी न्यायला येतेय.’ आजवर चारदा त्यांनी ‘पुढच्या वर्षी’ म्हणून टाळलं होतं. नातीसाठी जीव कासावीस व्हायचा. पण आपण गेलो की ही दोघं मंडळीच मोडून बसतील, याची त्यांना धास्ती होती.

खेळ संपला. काकांनी बाईंना हाताला धरून मालकांच्या खोलीत आणलं आणि दार लावून घेतलं.

“मला लेकीकडे जायचंय,” ते म्हणाले. “पण तुम्ही बोलल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही. हवं तर भांडा, पण समोरासमोर भांडा!”

“खरंच जायचंय तुम्हाला? मनापासून?” मालकांनी विचारलं.

“मनापासून. नात बोलायला लागलीय हो.”

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पोट धरधरून हसायला लागल्या.

“सुटले बाई एकदाची! अहो काका, तुमचं काम जाऊ नये म्हणून लग्नानंतरही सहा वर्षं मी या नवऱ्याशी इथे खोटा अबोला धरून बसलेय!”