एका शिवीपायी

पहिल्या घावाला काच नुसती तडकली. दुसऱ्या घावाला मात्र दाराएवढी ती काच वरपासून खालपर्यंत ढासळली आणि त्यातली अर्धी कोशकारांच्याच अंगावर आली.

"लागलं का हो?" बायकोने दुकानाच्या पायरीवरून विचारलं.

"माझं काय घेऊन बसलीस? त्या काचवाल्याकडे लक्ष दे," कोशकार म्हणाले. कपाळावरून निघालेली रक्ताची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थबकली होती. "कागद काढ. आता सुरू होईल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. खांद्यावरच्या पिशवीत कापूस, टिंक्चर, बँडेज आणि नुकसानभरपाईच्या नोटा असा सगळा संसार होता.

नवराबायकोने उभं आयुष्य शिव्यांच्या कोशात घातलं होतं. पण शिवी मागून मिळत नाही. विचारायला गेलं की माणूस लाजतो, चहा मागवतो आणि घरात बायकामाणसं आहेत म्हणतो. खरी शिवी हवी तर खरं नुकसान करावं लागतं, आणि ते या दोघांच्या पेन्शनीत बसत नव्हतं. मग ज्या चुलत्याला हयातीत कुत्रं विचारत नव्हतं तो मेला आणि सगळा पैसा यांच्या नावावर करून गेला. नातेवाईक म्हणाले, फ्लॅट घ्या. यांनी मासळीबाजारात टोपल्या उलथल्या, ट्रकचे दिवे फोडले, एका वकिलाच्या गाडीवर रंग ओतला. वकिलाने नोटीस दिली. बाकीच्यांनी मन मोकळं केलं. कोशात घसघशीत भर पडली. कोशकारांचे पुढचे दात आणि एक बरगडी त्या कामी आली.

आता एकच नोंद रिकामी होती. काचवाल्या म्हाताऱ्याची. बाजारात त्याला तोफ म्हणत. एका दमात सात पिढ्यांचा उद्धार करणारी त्याची ती शिवी जुन्या लोकांनी ऐकली होती, पण पाठ कोणालाच नव्हती. ज्यांच्यावर पडली ती माणसं शेवटपर्यंत ऐकायला थांबली नव्हती. म्हातारा थकलेला. कोश येत्या सोमवारी छापायला जाणार. आणि या दोघांचा नियम असा, की ज्याच्याकडून शिवी घ्यायची त्याची आधी चौकशी करायची नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. ओळख झाली की शिवी पातळ होते.

तोफ उठली. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेल्या त्या म्हाताऱ्याने फुटलेल्या काचेकडे पाहिलं, कोशकारांकडे पाहिलं, काच मापायची लांब लाकडी पट्टी उचलली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या खांद्यावर हाणली.

"हं, बोला," कोशकार म्हणाले.

दुसरा तडाखा कोपरावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो पट्टीचा नव्हता.

"हरामखोर तरी म्हणा! कुठून तरी सुरुवात करा!"

तिसऱ्या तडाख्याला ते काचांत गुडघ्यांवर आले. म्हाताऱ्याने केस धरून त्यांचं डोकं मागे ओढलं आणि तोंडावर ठोसा लगावला. उरलेल्यांपैकी एक दात बाईंच्या चपलेपाशी येऊन पडला. कागद कोराच. नवऱ्याला पडलेला मार बाईंनी पुष्कळ पाहिला होता. पण इतका मुका मार पहिलाच.

"अहो, तोंड आहे की नाही तुम्हाला?" त्या म्हाताऱ्यावर ओरडल्या. "वडीलधारी माणसं तुम्ही! चार शब्द सुनवायचे, की नुसते हात चालवायचे?"

रस्त्यावर गर्दी जमली. म्हाताऱ्याचा मुलगा आतून धावत आला आणि बापाच्या कमरेला मिठी घालून त्याने त्याला मागे खेचलं.

"बाई, नवरा मरतोय तुमचा! काय मागताय तुम्ही?"

"शिवी," बाई म्हणाल्या. "यांची ती मोठी. अख्खी. काचेचे पैसे देतोय ना आम्ही!"

मुलाने बापाचा मफलर खाली ओढला. गळ्याच्या मधोमध भोक होतं आणि श्वास तिथूनच ये-जा करत होता.

"मागल्या वर्षी ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं त्यांचं. अख्ख्या बाजाराला माहीत आहे. कोणालाही विचारायचंत."

"तुम्हाला येत असेल," मोडका हात पोटाशी धरून कोशकार जमिनीवरून म्हणाले. "घरात कानावर पडली असेल."

"घरात? घरात ते आईलासुद्धा अहो-जाहो करतात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, नवऱ्याचं रक्त पुसायचं सोडून त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कोश म्हणजे काय, त्यात कोणकोण आहे, त्याच्या शिवीची जागा कशी रिकामी राहिली आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"तुमच्यामागे ती कोणाकडेच नाही हो, काका."

म्हाताऱ्याने पट्टी खाली ठेवली, मुलाचे हात कमरेवरून सोडवले, बाह्या वर सारल्या आणि रिकाम्या चौकटीपुढे पाय रोवून कोशकारांवर बोट रोखलं.

ओठ हलू लागले. गळ्यातून नुसता वारा येत होता. मानेच्या शिरा तटतटल्या, थुंकी उडाली, हात पूर्वजांकडे वर गेला आणि वंशजांकडे खाली आला. काचांत बसलेल्या कोशकारांनी शाबूत हात हळूच कपाळाला लावला. बाई डोळे फाडून त्या ओठांकडे पाहत होत्या; पेन पुन्हा उघडलं होतं, भराभर चालत होतं, अडत होतं, परत चालत होतं.

दुकानासमोर कोणी हललं नाही. फक्त मागे उभ्या असलेल्या एका बाईने घाईघाईने आपल्या पोरीचे दोन्ही कान दाबून धरले.