पेटीतल्या चिंध्या

"...आणि देवांनीच ती पेटी तीराला लावली!" भाटानं तान घेतली. मेड्युसा राक्षसिणीचं मुंडकं उडवणाऱ्या पर्सियसचा मेजवानीत जयजयकार झाला.

त्याची आई ताडकन उठली. "कुठले देव? नातवाच्या हातून मरण येईल असं भाकीत ऐकलं, म्हणून तान्ह्या नातवाला भिऊन माझ्या बापानं आम्हाला पेटीत कोंडलं, समुद्रात फेकलं, तेव्हा कुणी आलं नाही. फटींतून पाणी शिरत होतं. अंगावरचं वस्त्र फाडून त्या फटींत चिंध्या कोंबल्या मी! एका हातानं याला उचलून धरलं होतं, दूध पीत होता हा."

"माई, वीराच्या गाण्यात चिंध्या शोभत नाहीत," भाट हसला. लोकही हसले.

पर्सियसनं प्याला खाली ठेवला.

"भाटा, पहिल्यापासून गा. आणि चिंध्या आल्याशिवाय माझं नाव घ्यायचं नाही."